सरखेलाची तलवार

कान्होजी आंग्रे यांचे नाव शाळेच्या इतिहासात एका वाक्यात येऊन जाते. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, एवढेच ते वाक्य. पुढच्या परिच्छेदात बाळाजी विश्वनाथ पेशवे येतात आणि मग सारा इतिहास घोड्यावर बसून उत्तरेकडे निघतो; तो थेट पानिपतापर्यंत समुद्राकडे वळून पाहत नाही. आम्हां मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना त्याचे काही वाटतही नाही. धाराशिव जिल्ह्यातून समुद्र पाहायचा तर आधी घाटमाथा गाठायचा, मग सह्याद्री उतरायचा. नळदुर्गाचा पाणीमहाल हेच आमचे सर्वांत मोठे पाण्यातले बांधकाम! तेव्हा या जिल्ह्यातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने दर्यावरच्या माणसाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मी कान्होजींकडे आलो तो समुद्राच्या वाटेने नव्हे, तलवारीच्या वाटेने आलो.

तलवार आणि आमचा जिल्हा यांचे नाते सांगायला नको. तुळजापुरास शारदीय नवरात्रात भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात. देवी शिवाजी महाराजांना तलवार देत आहे, असे ते रूप असते. लहानपणापासून ते पाहत आल्यामुळे तलवार म्हटली की ती देवीच्या हातून येते, अशीच माझी समजूत. पुढे इतिहासाची पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले की, कोकणातल्या सावंतांकडून १६५९ मध्ये ३०० होनांना घेतलेली एक तलवार महाराजांच्या संग्रही आल्याचे अभ्यासक सांगतात, आणि तिचे पाते फिरंगी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले होते. श्रद्धा श्रद्धेच्या जागी राहो. तिला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. पण मराठ्यांच्या कमरेचे उत्तम पाते गलबतातून येत होते, ही गोष्ट माझ्या मनात ठसली. मग ज्या मराठ्याने तीस वर्षे तो समुद्रच आपल्या ताब्यात ठेवला, त्याच्या कमरेला काय असेल, या विचाराने मी त्यांच्या चरित्राकडे ओढला गेलो.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरीचे बेट तटबंद करून इंग्रजांची झोप उडवली. अशा दिवसांत वाढलेला हा मुलगा. घोडा आणि होडी दोन्ही त्याला सारखीच जवळची असणार.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते सुवर्णदुर्गावर. १६८८ च्या सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. मराठी राज्याचा तो पडता काळ होता. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता आणि एकेक किल्ला हातचा जात होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार आतून शत्रूला मिळण्याच्या बेतात होता. कान्होजी तेव्हा विशीतले, हाताखालचे शिपाई. त्यांनी काही साथीदार जमवून किल्लेदारालाच कैद केले आणि किल्ल्याचा कारभार हाती घेतला. पुढे एका छाप्यात ते स्वतः सिद्दीच्या हाती सापडले. पण निसटून, पोहत पुन्हा किल्ल्यात आले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. वेढा उठला. वरिष्ठाला बेडी घालणे हा लष्करात मोठा गुन्हा. पण वरिष्ठ फितूर असेल तर? मला वाटते, कान्होजींच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न या पहिल्याच प्रसंगात दडलेला आहे. हुकूम कोणाचा मानायचा, आणि हातातली तलवार कोणाच्या नावाने चालवायची?

आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ मध्ये वारले आणि कान्होजी सरखेल झाले. हा शब्द मोठा गमतीचा आहे. फारसीत सर म्हणजे प्रमुख आणि खैल म्हणजे घोड्यांचे पथक. म्हणजे घोडदळाच्या नायकाचे नाव मराठ्यांनी दर्यावरच्या सेनापतीला दिले! आमचे सारे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे राहिलेले, तेव्हा समुद्रावरच्या अंमलदारालाही घोड्याचीच पदवी. पण या पदवीमुळे एक गोष्ट निर्विवाद ठरते. सरखेल हा छत्रपतींनी नेमलेला अधिकारी होता. त्याला शिक्का होता, सरंजाम होता, किल्ले होते. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

आता तलवारीकडे येतो.

त्या काळच्या मराठा सरदाराची तलवार म्हणजे दोन ठिकाणच्या कारागिरांनी मिळून केलेली वस्तू. पाते एकाचे, मूठ दुसऱ्याची. पाते पुष्कळदा पोर्तुगीजांच्या मार्फत गोव्याकडून येई. त्यात जर्मनीतल्या झोलिंगेन गावची, इटलीतल्या जिनोव्हाची, स्पेनमधली अशी पाती असत. फिरंग्यांकडून आलेली ती फिरंग, आणि जर्मन ती आलेमानी. हे पाते बहुधा सरळ किंवा अगदी थोडे वाकडे, लांब आणि लवचिक असे. त्याच्या लांबीतून एक, दोन किंवा तीन उभे चर गेलेले असतात. आमच्याकडे लोक सांगतात की, रक्त वाहून जावे म्हणून ते चर ठेवलेले असतात. ती केवळ समजूत होय. चर पाडल्याने लोखंड कमी होऊन पाते हलके होते आणि त्याचा ताठपणा मात्र टिकतो. घराच्या तुळईत जे तत्त्व तेच इथे. पात्यावर धावत्या लांडग्याची किंवा एखाद्या कारागिराच्या नावाची खूण कोरलेली असे, आणि ती खूण पाहून गिऱ्हाईक किंमत देत असल्यामुळे तिची नक्कलही सर्रास होई. बाजारातली लबाडी काही आजची नाही.

एतद्देशीय पोलादही कमी नव्हते. जुन्या हैदराबाद संस्थानात, आजच्या तेलंगणातील निझामाबादेकडे कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या मुशीत लोखंड आणि कोळसा बंद करून भट्टीत तासन्‌तास तापवीत आणि मूस हळूहळू थंड होऊ देत. त्यातून पोलादाची वडी निघे. इराणचे व्यापारी ती विकत घ्यायला इथवर येत. हे पोलाद फार तापवले तर बिघडते. मंद लाल आचेवर, धीराने, पुन्हा पुन्हा ठोकावे लागते. मग पाते घासून त्यावर तेजाबाची क्रिया केली की पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. १९४८ पर्यंत आमचा जिल्हाही त्याच संस्थानात होता. आमच्या मुलखाचे पोलाद दमास्कसच्या नावाने जगात नावाजले गेले, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

मूठ मात्र इथली. ती लोखंडाची, आतून पोकळ. पात्याच्या मागे जी आखूड शेपटी असते ती मुठीत घालून आत वितळलेली लाख किंवा राळ ओततात. थंड झाली की पाते घट्ट बसते. बोटांच्या रक्षणासाठी पुढून वळलेली पट्टी, तिला परज म्हणतात. वर वाटोळे तबकडीसारखे फूल. सरळ पात्याच्या धोपेला मोठी, पिंजऱ्यासारखी मूठ. तिच्यातून पात्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या उतरून खिळ्यांनी जखडलेल्या. आत मखमलीची किंवा कापडाची गादी. मुठीच्या वरच्या टोकाला एक दांडी निघते. दुसऱ्या हाताने ती धरली की दोन्ही हातांनी घाव घालता येतो. म्यान लाकडाचे, वर चामडे किंवा मखमल, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ ही धातूची टोपणे. यात लोहार आला, शिकलगार आला, म्यान करणारा जिनगर आला, आणि सरदार हौशी असेल तर मुठीवर सोन्याची तार ठोकून वेलबुट्टी काढणारा कोफ्तगारही आला. एका तलवारीमागे चार घरांच्या चुली पेटत.

आमच्या भागातल्या आठवडी बाजारात शिकलगार अजून बसतात. आता विळे, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी या मुठीबद्दल विचारले होते. तलवार म्हणजे त्याच्या आजाच्या वेळची गोष्ट. पण मूठ सैल झाली तर काय करायचे, हे त्याला तोंडपाठ होते. मूठ आचेवर धरायची, राळ पाघळली की पाते ओढून काढायचे, जुनी राळ खरवडून नवी भरायची. पाते न बिघडता मूठ दहा वेळा बदलता येते, हा त्यातला फायदा. म्हणूनच सोळाव्या शतकातले फिरंगी पाते अठराव्या शतकातल्या मुठीत बसलेले सापडते. बापाचे पाते आणि मुलाची मूठ, असेही होई.

अशी तलवार दर्यावर कशी चालत असेल? खारी हवा लोखंडाची वैरीण. तेल, चरबी लावून पाते रोज पुसावे लागणार. पण आपल्याकडच्या मुठीचा एक गुण मला इथे महत्त्वाचा वाटतो. तिची पकड मुद्दाम आखूड असते, मूठ वळली की वरचे फूल मनगटाला टेकते आणि हात आत जखडला जातो. हलत्या डेकवर, ओल्या हातातून ती निसटणे कठीण. इंग्रज खलाशी याच कारणाने आखूड, रुंद तलवार वापरी. दोरांच्या आणि डोलकाठ्यांच्या गर्दीत लांब पाते फिरवायला जागाच नसते. एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. ज्या इंग्रजी आरमाराशी कान्होजी लढले, त्याच्या अधिकाऱ्यांना तेव्हा ठराविक तलवारच नव्हती. ज्याला जी परवडे ती तो लटकावी. ब्रिटिश आरमाराने अधिकाऱ्याची तलवार नियमाने ठरवली ती १८०५ मध्ये, आणि सिंहमुखाची, पांढऱ्या मत्स्यचर्माने मढवलेली, अर्ध्या टोपलीसारख्या परजेवर नांगर कोरलेली जी तलवार आपण चित्रांत पाहतो तिचा नमुना १८२७ चा. कान्होजींच्या वेळी दोन्ही बाजूंना तलवार ही माणसाची स्वतःची निवड होती.

आणि तलवारीची पाळी यायची कधी? कान्होजींच्या आरमाराची मदार दोन प्रकारच्या जहाजांवर होती. गुराब हे मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. त्याची नाळ लांब, निमुळती आणि पाण्यालगत. तिच्यावरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा बसवलेल्या. गलबत हे लहान; शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की युरोपियांचे उंच जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखे उभे राही, आणि नेमक्या त्याच वेळी गलबते वल्ही मारीत, गुराबांना दोराने ओढीत, त्याच्या पाठीमागून येत. पाठीमागे त्याच्या तोफा थोड्या. आधी शिडे आणि डोलकाठ्या तोडायच्या, मग नाळ भिडवायची आणि त्या लांब नाळेवरून धावत शंभर-दोनशे माणसांनी शत्रूच्या डेकवर उड्या घ्यायच्या. तिथे तोफ संपली आणि तलवार सुरू झाली. जहाजाची बांधणी आणि लढाईची रीत यांचा इतका नेमका मेळ मी दुसरीकडे वाचलेला नाही. खोल समुद्रात ही युक्ती चालत नसे. कान्होजींनी खोल समुद्रात जाण्याचा हट्ट धरला नाही, हे त्यांचे शहाणपण.

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्य दुभंगले. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला राहिले. शाहूंनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. तर कान्होजींनी घाट चढून लोहगड घेतला आणि पेशव्यालाच कैद केले! सुवर्णदुर्गावर किल्लेदार, इथे पेशवा. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांनी लढाईऐवजी बोलणे केले. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे तह झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, बहिरोपंतांना सोडले. त्यांच्याकडे दहा मोठे किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेलपद कायम राहिले. काही लेखक या प्रसंगी कान्होजींना संधिसाधू म्हणतात. मला ते पटत नाही. राज्याचे दोन धनी भांडत असताना कोकणकिनारा सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या तोंडी न जाऊ देता त्यांनी राखला. मग तो ज्याच्या हाती राज्य स्थिर झाले त्याच्या छत्राखाली आणून ठेवला. यात संधिसाधूपणा कोणता?

इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. त्यांच्या कागदांतून हा शब्द इतक्या वेळा आला की, पुढे इंग्रजी शिकलेल्या आपल्याही लोकांनी तो उचलला. प्रश्न दस्तकाचा होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला आपला परवाना घ्यायला लावीत. तो नसेल तर जहाज लुटीत. त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. कान्होजींनी तेच सूत्र लावले. कोकणकिनारा छत्रपतींचा, त्याचा रखवालदार सरखेल, तेव्हा या पाण्यातून जाणाऱ्याने सरखेलाचे दस्तक घ्यावे. इंग्रजांशी १७१३ मध्ये करार झाला. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना मोकळीक देण्याची कान्होजींची तयारी होती. पण देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली घालून दस्तक चुकवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. भांडणाची जड इथे आहे. मुंबईच्या गव्हर्नराने १७२४ मध्ये त्यांना चाचेगिरीबद्दल उपदेशाचे पत्र लिहिले, तेव्हा कान्होजींनी उलट कळवले की, दुसऱ्याचे घेण्याची हाव इंग्रज व्यापाऱ्यांनाही चुकलेली नाही, जगाची रीतच ती आहे. आणि शिवाजी महाराजांनी राज्य उभे केले तेही मोठ्या सत्तांशी लढूनच. हे उत्तर चाचाचे नव्हे, राजकारण जाणणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे.

कराराच्या आधीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज कारवारकडे जात असताना कान्होजींच्या आरमाराने ते पकडले. जहाजावर कारवारच्या वखारीचा नवा मुख्य चाऊन आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन होती. तोफेच्या गोळ्याने चाऊन मारला गेला, बाई कैद झाली. ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला दुसऱ्या वर्षी सोडण्यात आले. ही बाई मुलगी म्हणावी अशा वयातच एकदा विधवा झालेली होती. चाऊन तिचा दुसरा नवरा. पुढे तिसरा नवरा केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोजवळ १७२१ मध्ये मारला गेला. बिचारीचे नशीब! तिला अखेर विलायतेस नेले ते कमोडोर मॅथ्यूज याने, आणि हा मॅथ्यूज आता आपल्या कथेत यायचा आहे.

चार्ल्स बून १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने कान्होजींचा काटा काढायचे मनावर घेतले. मुंबईला तट घातला, लढाऊ जहाजे बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर स्वतः गेला. हात हलवीत परत आला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी मुद्दाम बांधलेला एक तरंगता तोफखाना नेला होता. त्यानेही काही झाले नाही. एकामागून एक इतके पराभव पचवून पुन्हा उभे राहणाऱ्या इंग्रजांच्या चिकाटीचे मात्र कौतुक करावेसे वाटते. शत्रू झाला म्हणून काय झाले?

मग १७२१ ची मोठी स्वारी. विलायतेहून राजाच्या आरमाराची जहाजे घेऊन थॉमस मॅथ्यूज आला. गोव्याचे पोर्तुगीज इंग्रजांना मिळाले. हजारो माणसे चौलकडून जमिनीवरून आणि जहाजे समुद्रावरून कुलाब्यावर चालून गेली. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला वेढा पडतो. कान्होजींना मदतीला शाहूंचे घोडदळ आले. पिलाजी जाधव आणि खुद्द तरुण पेशवे बाजीराव. इंग्रजांनी तटावर शिड्या लावल्या, पण पोर्तुगीजांची फळी मराठी घोड्यांपुढे मोडली आणि सगळ्याच सैन्याची पळापळ झाली. या मोहिमेत असलेल्या क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने ती हकीकत लिहून ठेवली आहे. मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठी स्वाराने भाला खुपसला. चिडलेला कमोडोर घोडा फेकीत त्याच्या मागे लागला, जवळ जाऊन पिस्तुले रोखली, आणि मग त्याच्या ध्यानात आले की पिस्तुले भरलेलीच नाहीत! दर्यावरचा सेनापती घोड्यावर आणि घोडदळातून नाव घेतलेला सरखेल पाण्यातल्या किल्ल्यात, असा हा उलटा देखावा. १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर जहाजे नेऊन पाहिली. त्यांचीही तीच गत झाली.

आरमारात जातिपातीचा आणि धर्माचा विचार फार नव्हता, हे नमूद केले पाहिजे. कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी होतेच. युरोपियन गोलंदाजही कान्होजींच्या पदरी होते. अलिबाग हे गाव त्यांच्याच काळात भरभराटीला आले. ब्रह्मेंद्रस्वामींना ते गुरुस्थानी मानीत. पण स्वामींचे राजकारणातले पत्रव्यवहार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे त्यात शिरत नाही.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

पुढची हकीकत सांगताना लेखणी जड होते. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण लागले आणि आरमार दोन घरांत वाटले गेले. कुलाब्याचे आणि विजयदुर्गाचे. विजयदुर्गाकडे पुढे तुळाजी आले. तुळाजी शूर, पण पेशव्यांना जुमानीनात. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना वठणीवर आणायला इंग्रजांची मदत मागितली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले, आणि खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे सारे आरमार एका दिवसात जळून गेले. सरखेलाने ज्या जहाजांवर बूनला, मॅथ्यूजला आणि डचांना परतवले, ती परंपरा छत्रपतींच्या पेशव्याने इंग्रजांकडून जाळवून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच संपले. नानासाहेबांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मी जाणतो. हुकूम न मानणारा सरदार राज्याला परवडत नाही, आणि तुळाजींनी कोकणात रयतेला व इतर सरदारांना पुष्कळ त्रास दिला होता. पण बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्या बापाशी वळवणला बसून जे केले, ते नातवाला का सुचले नाही? माझ्या मते, मराठ्यांच्या समुद्रावरील सत्तेचा निकाल प्लासीच्या एक वर्ष आधी, आपल्याच हातांनी लागला. कुलाब्याचे घर तेवढे नाममात्र उरले. वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते १८४० मध्ये खालसा केले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबईच्या किल्ल्यातील नौदलाच्या ठाण्याला आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्या तटाआड बसून बूनने चार वेळा मोहिमा आखल्या, तिथेच आता कान्होजींचे नाव लागले आहे. खांदेरीच्या दीपगृहालाही त्यांचेच नाव आहे. समारंभाच्या दिवशी नौदलाचे अधिकारी कमरेला तलवार लावतात. तिची घडण त्या १८२७ च्या ब्रिटिश धाटणीवरूनच आलेली आहे. लांब सरळ पाते, अर्ध्या टोपलीची परज, नांगर. धोपेची मूठ आता संग्रहालयाच्या काचेआड, आणि आमच्या बाजारातल्या त्या शिकलगाराच्या बोटांत थोडीशी.